आकडा कुणाचा, हे आधी विचारावे

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र. यांपैकी कोणत्याही विषयात पीएच.डी.ला नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत संख्याशास्त्र समोर येऊन उभे राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमावलीत पीएच.डी.साठी कोर्सवर्क सक्तीचे केले आणि संशोधन पद्धती हा त्याचा अटळ भाग झाला. त्या पेपरात सरासरीपासून काय-स्क्वेअरपर्यंत सगळे असते. समोर बसलेले विद्यार्थी मात्र बहुतेक कला शाखेचे, गणिताशी शेवटची गाठ शाळेत पडलेली. मोजक्या तासिकांत सूत्रे फळ्यावर लिहिली जातात आणि परीक्षेत तशीच उतरवली जातात. पुढे भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा हातात आला की ‘ॲनालिसिस कुणाकडून करून घ्यायचे?’ याची विचारपूस सुरू होते. प्रबंध टाइप करून, बाइंडिंग करून देणारे जसे असतात तसे एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर तक्ते काढून देणारेही असतात. तक्ते येतात, प्रत्येक तक्त्याखाली ‘शून्य गृहीतक फेटाळले’ किंवा ‘स्वीकारले’ असे लिहिले जाते, आणि संशोधकाचा स्वतःच्याच आकड्यांशी संबंध तिथे तुटतो.

याचा दोष विद्यार्थ्यांच्या गणितावर टाकला जातो. मला तो मान्य नाही. सामाजिक संशोधनाला लागणारे प्राथमिक संख्याशास्त्र गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांच्या फारसे पुढे जात नाही, आणि ते करायला आता संगणक आहे. अवघड भाग वेगळाच आहे. हा आकडा कुणाला मोजून आला, कुणाला वगळून आला, कशाने भागून आला आणि पुन्हा मोजले तर किती हलेल, हे विचारण्याची सवय लागणे अवघड आहे. आपले अभ्यासक्रम या प्रश्नांना पहिल्या तासाला स्पर्श करतात आणि उरलेले सत्र कसोट्यांना देतात. शिकण्याचा क्रमच उलटा आहे.

खरे तर महाराष्ट्रात आणि गोव्याच्या मातीतून आलेल्या माणसांत, समाजाचा अभ्यास आणि आकड्यांचा अभ्यास एकाच हाताने झाल्याची उदाहरणे ठळक आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी जन्माने गोव्याचे, पेशाने गणिती. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे आहेत. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे? कोसंबींनी ती तराजूवर ठेवली. चलनात फिरणारे नाणे झिजते, म्हणजे जुन्या गटाचे सरासरी वजन कमी भरणार. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून जुन्या गटात वजनांची पांगापांगही जास्त असणार. हे तत्त्व त्यांनी आधी आपल्या काळातल्या चालू नाण्यांवर तपासले आणि मग तक्षशिलेच्या साठ्यांना लावले. नाण्याच्या मागच्या बाजूवरचे छोटे ठसे जसजसे वाढतात तसतसे सरासरी वजन उतरते, असे त्यांना आढळले. त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावता आला.

सरासरी, प्रमाण विचलन आणि दोन गोष्टी बरोबरीने कशा बदलतात ते दाखवणारी रेषा, एवढीच हत्यारे इथे वापरली आहेत. पहिल्या सत्रात शिकवतात तीच ही तिन्ही. फरक इतका की कोसंबींकडे प्रश्न आधी होता. प्रमाण विचलनाचे सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पांगापांग वाढली म्हणजे काय झाले असेल?’ असे विचारले तर तो गोंधळतो. नाणी झिजण्याची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी गोंधळत नाही.

इरावती कर्वे यांचे उदाहरणही वर्गात सांगायला हवे. बर्लिनच्या ज्या संस्थेत त्यांनी डॉक्टरेट केली तिथे ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. वंशानुसार माणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ असते असे मानणारे हे गृहस्थ. गोऱ्या युरोपीयांच्या कवट्यांची डाव्या-उजव्या बाजूंची असमानता इतरांपेक्षा वेगळी असते, हे मोजमापांतून दिसावे अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. अपेक्षित फरक आकड्यांत दिसला नाही, आणि तसे त्यांनी प्रबंधात लिहिले. परदेशात एकटी असलेली विद्यार्थिनी, समोर वजनदार प्राध्यापक, आणि आकडे त्याच्या विरुद्ध. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातिसमूहांची शारीरिक मोजमापे घेतली. ते काम १९५१ साली पुस्तकरूपाने आले तेव्हा मुखपृष्ठावर त्यांच्याबरोबर दुसरे नाव वि. म. दांडेकरांचे होते. मानवशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञ एकाच पुस्तकाचे लेखक होते.

याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २,२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर लोक घेतात ती दारिद्र्याची रेषा, अशी मांडणी त्यांनी केली. १९६०-६१च्या किमतींना ग्रामीण भागात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही ती रेषा. त्या हिशेबाने ग्रामीण भारतातले सुमारे ४० टक्के आणि शहरी भारतातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. यावर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. तेही दांडेकरांसारखेच सातारा जिल्ह्यातले, आणि नमुना पाहणीच्या शास्त्रात जगभर मान्यता मिळवलेले. त्यांचे म्हणणे असे, की उष्मांकांची गरज माणसागणिक वेगळी असते, आणि एकाच माणसाचीही ती दिवसागणिक बदलते. सरासरी गरज हीच रेषा धरली तर ज्यांची गरज मुळात सरासरीपेक्षा कमी आहे असे धडधाकट लोकही उपाशी ठरतात. म्हणून कुपोषण मोजताना सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून रेषा ओढावी.

इथे जरा थांबण्यासारखे आहे. समजा सरासरी गरज २,२५० आहे आणि प्रमाण विचलन ३००. तर सुखात्म्यांची रेषा १,६५० वर येते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात किती कोटी माणसे बसतील, याचा अंदाज करून पाहावा. प्रमाण विचलन हा पाठ्यपुस्तकातला कोरडा धडा वाटतो. पण तो लावायचा की नाही यावर देशातल्या भुकेचा आकडा ठरत होता. दांडेकरांनी सुखात्म्यांची मांडणी स्वीकारली नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हा वाद नेटाने चालला. माझे मत विचाराल तर एकेकट्या माणसाच्या बाबतीत सुखात्म्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण कमी खाणारा माणूस गरज कमी म्हणून कमी खातो की खिशात पैसे नाहीत म्हणून, हे कोणतेही प्रमाण विचलन सांगत नाही. त्यासाठी समाज ठाऊक असावा लागतो. संख्याशास्त्र शिकणाऱ्या सामाजिक संशोधकाने दोन्ही बाजू आपल्या शब्दांत मांडून पाहाव्यात. कोर्सवर्कमध्ये यापेक्षा चांगला स्वाध्याय मला माहीत नाही.

छेदाची, म्हणजे कशाने भागले याची, गोष्ट याहून साधी आहे आणि जास्त चुका तिथेच होतात. शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची २०१९ सालातली राष्ट्रीय नमुना पाहणी सांगते की देशातल्या शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज शिल्लक आहे. हा आकडा लेखांत, भाषणांत, प्रबंधांत फिरतो. त्याच पाहणीत पुढे लिहिले आहे की ५०.२ टक्के कुटुंबे कर्जदार आहेत. म्हणजे ७४,१२१ काढताना कर्ज नसलेली निम्मी कुटुंबेही छेदात धरली आहेत. फक्त कर्जदार कुटुंबांच्या संख्येने भागले तर सरासरी १ लाख ४७ हजारांच्या पुढे जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण कर्जबाजारी शेतकऱ्याच्या डोक्यावर किती भार आहे असा प्रश्न असेल तर पहिला आकडा त्याचे उत्तर नव्हे. शिवाय कर्ज, उत्पन्न, जमीन या तिन्हींत मूठभर मोठे आकडे सरासरीला वर ओढतात. म्हणून मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध उभ्या असलेल्या कुटुंबाचा आकडा, सरासरीच्या शेजारी द्यायला हवा. प्रबंधांमध्ये तो क्वचित दिसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) एक आकडा असाच गाजला. देशात दर १,००० पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. ‘स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली’ असे मथळे झळकले. २०११च्या जनगणनेत हाच आकडा ९४३ होता. दहा वर्षांत एवढी उडी कशी? ही पाहणी निवडलेल्या घरात आदल्या रात्री मुक्कामाला कोण होते ते मोजते. कामासाठी परगावी जाऊन बांधकामावर, वसतिगृहात, बराकीत राहणारे पुरुष त्या मोजणीत नीट येत नाहीत. जनगणनेचा प्रयत्न प्रत्येक माणूस मोजण्याचा असतो, तर ही पाहणी घरांचा नमुना घेते. त्याच अहवालात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे लिंग गुणोत्तर ९२९ आहे, म्हणजे मुलींचा जन्म होऊ न देणे थांबलेले नाही. १,०२० हा आकडा खोटा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याच फेरीत महाराष्ट्रासाठी बालविवाहाचा आकडा २१.९ टक्के आहे. तो सर्व स्त्रियांचा नाही आणि त्या वर्षी झालेल्या लग्नांचाही नाही. तो २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचा आहे. एवढे वाक्य पूर्ण लिहिले तरच आकडा अर्थाचा होतो.

आता नमुन्याविषयी. मराठी प्रबंधांतला सर्वांत लोकप्रिय आकडा ३८४ असावा. क्रेसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली दिलेल्या तक्त्यात दहा लाखांच्या लोकसंख्येसमोर तो आहे, आणि तिथून तो थेट सिनॉप्सिसमध्ये येतो. तो कुठून आला हे पाहणे अगदी सोपे आहे. १.९६चा वर्ग करा, त्याला ०.५ गुणिले ०.५ ने गुणा, आणि ०.०५ च्या वर्गाने भागा. उत्तर ३८४.१६. म्हणजे टक्केवारीत सांगायचा एखादा निष्कर्ष ९५ टक्के खात्रीने पाच टक्के इकडे-तिकडे सांगायचा असेल, तर इतकी माणसे लागतात. पण सूत्राची अट अशी, की प्रत्येक माणूस चिठ्ठ्या टाकून काढावा तसा निवडलेला असला पाहिजे. ती अट सिनॉप्सिसमध्ये येत नाही.

प्रत्यक्षात काय होते? संशोधक तालुक्यातली वीस गावे घेतो आणि प्रत्येक गावात वीस घरे. झाली चारशे. एकाच गावातली घरे मात्र एकमेकांसारखी असतात. पाणी एकच, शाळा एकच, पुष्कळदा पुढारीही एकच. हे सारखेपण थोडेच, समजा ०.१ एवढे असले, तरी चारशे घरांतून मिळणारी माहिती चिठ्ठ्यांनी निवडलेल्या साधारण १३८ घरांइतकीच भरते. एक अधिक (२० वजा १) गुणिले ०.१ म्हणजे २.९, आणि चारशे भागिले २.९. हा हिशेब ज्याने एकदा हाताने केला तो पुढच्या वेळी दहा घरे आणि चाळीस गावे असा आराखडा आखेल. प्रवास वाढेल, पण अभ्यास पक्का होईल.

आणि जिथे निवडच एकांगी आहे तिथे संख्या कितीही वाढवून उपयोग नाही. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवून हजार उत्तरे गोळा केली तरी ती ज्यांच्यापर्यंत फॉर्म पोचला आणि ज्यांना भरावासा वाटला त्यांचीच असतात. सुखात्म्यांनी पिकांच्या पाहणीत हेच दाखवून दिले होते. उत्पादनाचा अंदाज घेण्यासाठी शेतात लहानसा तुकडा आखून तेवढेच पीक कापून मोजतात. तुकडा जितका लहान तितका त्याच्या हद्दीचा वाटा मोठा, आणि हद्दीवरचे रोप आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो. म्हणून लहान तुकड्यांतून उत्पादन नेहमी जास्त दिसते. असे तुकडे हजारांनी वाढवले तर जास्तीचाच आकडा अधिक ठामपणे मिळतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पद्धतीशी सुखात्म्यांचा जो मतभेद झाला त्यात तुकड्याचा आकार हा एक मुख्य मुद्दा होता. योगायोगाने हलणारा आकडा आणि एकाच बाजूला झुकणारा आकडा यांतला हा भेद कोणत्याही कसोटीपेक्षा महत्त्वाचा आहे. चांगल्या पाहण्या म्हणूनच निवडीवर मेहनत घेतात. ‘लोकनीती’च्या निवडणूक अभ्यासांत मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे उचलली जातात आणि त्याच नावाच्या मतदाराकडे जाऊन मुलाखत घेतली जाते. चौकात भेटेल त्याला विचारले जात नाही. पुण्याचे सुहास पळशीकर यांच्या नेतृत्वाचा या कामात मोठा वाटा आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या अहवालांतले पद्धतीविषयीचे परिशिष्ट निष्कर्षांच्या आधी वाचावे.

एवढे झाल्यावर कसोट्यांकडे वळावे. समजा बचत गटातल्या शंभर स्त्रिया आणि गटात नसलेल्या शंभर स्त्रिया यांना विचारले, ‘बँकेचे व्यवहार तुम्ही स्वतः करता का?’ गटातल्या ४६ जणी हो म्हणाल्या, बाहेरच्या ३२. काय-स्क्वेअर काढला तर ४.१२ येतो. पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४, म्हणून फरक ‘सार्थक’ ठरतो आणि प्रबंधात तसे लिहिले जाते. आता गटातल्या एका बाईचे उत्तर बदला. ४६ ऐवजी ४५ करा. काय-स्क्वेअर ३.५७ वर येतो आणि फरक ‘सार्थक नाही’ असे होते. एका बाईच्या होकारावर निष्कर्ष उलटतो! खेड्यातल्या बायकांचे आयुष्य त्या एका उत्तराने बदललेले नसते.

याच आकड्यांकडे दुसऱ्या रीतीने पाहिले तर चित्र स्वच्छ होते. फरक १४ टक्क्यांचा आहे, आणि नमुन्यातल्या चढ-उतारांचा विचार केला तर खरा फरक अर्ध्या टक्क्यापासून २७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे फरक असावा असे वाटते, पण तो किती, हे या दोनशे स्त्रियांवरून सांगता येत नाही. हे प्रामाणिक वाक्य आहे, आणि ‘शून्य गृहीतक फेटाळले’ यापेक्षा त्यातून वाचकाला कितीतरी अधिक कळते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात पाच टक्के ही सोयीची खूण म्हणून सांगितली होती. पुढे ती कुंपणासारखी वापरली गेली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली जाहीर निवेदन काढून बजावले, की कसोटीतून येणारे पी-मूल्य म्हणजे गृहीतक खरे असण्याची शक्यता नव्हे आणि परिणामाचा आकारही नव्हे. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच तसे आढळले. आपल्याकडे कसोट्या शिकवताना या गोष्टी वगळल्या जातात, आणि तीन-चार दशकांपूर्वीच्या नोट्स चालू राहतात.

वरच्या उदाहरणात आणखी एक पेच दडला आहे. ज्या स्त्रिया गटात गेल्या त्या आधीपासूनच धीट असतील, शिकलेल्या असतील, किंवा घरचे त्यांना अडवत नसतील. मग बँकेत जाण्याचे श्रेय गटाचे की त्या धिटाईचे? कोणतीही कसोटी हे सांगत नाही. त्यासाठी शिक्षण, वय, सासू-सासऱ्यांबरोबर राहणे अशा गोष्टींनुसार तक्ता फोडून पाहावा लागतो. रिग्रेशन हेच काम एका झटक्यात करते, म्हणून ते शिकावे. पण आधी तक्ता हाताने फोडता आला पाहिजे.

सहसंबंधाचा एक जुना धडा १९५० साली अमेरिकेत डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी दिला. १९३०च्या अमेरिकी जनगणनेत राज्याराज्यांची तुलना केली तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध उणे ०.५३. माणसामाणसांची तुलना केली तर उलटे दिसते. परदेशात जन्मलेल्यांत निरक्षर थोडे अधिक, सहसंबंध अधिक ०.१२. स्थलांतरित लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहत होते, म्हणून असे झाले. आपल्याकडे जिल्हावार आकडेवारी सहज मिळते, त्यामुळे जिल्ह्यांच्या तुलनेवरून माणसांविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह फार. एखाद्या जिल्ह्यात साक्षरता जास्त आणि मुलींचे प्रमाण कमी, यावरून शिकलेली जोडपी मुली नाकारतात असे सिद्ध होत नाही. ते खरे असू शकेल, पण त्यासाठी कुटुंबांची माहिती लागेल.

तशी माहिती आता उपलब्ध आहे, आणि शिकण्याच्या दृष्टीने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेला हा सर्वांत मोठा बदल मी मानतो. राष्ट्रीय नमुना पाहण्यांची घरनिहाय माहिती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. पूर्वी संशोधकाला छापील अहवालातल्या तक्त्यांवर भागवावे लागे. एनसीएईआर आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या भारत मानव विकास पाहणीत २००४-०५ साली ४१,५५४ कुटुंबे होती, आणि त्यांतल्या बहुतेकांची २०११-१२ मध्ये पुन्हा भेट घेतली गेली. घरात आधी कोण जेवते, दवाखान्यात जायला बाईला परवानगी मागावी लागते का, अस्पृश्यता पाळता का, असे समाजशास्त्राला हवे तसे प्रश्न तिच्यात आहेत. अशी फाइल उघडून आपल्या राज्यापुरत्या ओळी बाजूला काढणे, ‘माहीत नाही’ हे उत्तर ९९ असे नोंदवलेले असते ते शोधणे, आणि प्रत्येक ओळीचा मल्टिप्लायर (ती ओळ किती घरांच्या वतीने आहे तो आकडा) लावून टक्केवारी काढणे, हे काम दोन-तीन आठवड्यांत जमते. ९९ तसेच राहू दिले तर सरासरी वय किंवा मुलांची संख्या भलतीच येते. मल्टिप्लायर विसरला तर छापील अहवालाशी आकडा जुळत नाही. तो जुळेपर्यंत धडपड करणे हेच शिक्षण आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न त्यामानाने गौण. एसपीएसएस १९६८ साली खास समाजशास्त्रांसाठी तयार झाले आणि अजून चालते, पण महाग आहे. चोरून घेतलेली प्रत वापरण्यात आता काही हशील नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ‘आर’ फुकट आहे, ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत त्यांच्यासाठी ‘जामोवी’ आणि ‘जास्प’ही फुकट आहेत. पहिले दोन महिने तर एक्सेलचा पिव्होट टेबल पुरतो. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ साली असे चार लहान तक्ते रचले, की चारींची सरासरी, विचरण आणि सहसंबंध जवळपास एकच, पण आलेख काढला की चार निरनिराळी चित्रे. म्हणून आकडेमोडीआधी आलेख काढावा, एवढा नियम कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू आहे. पुस्तकांत फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्हस यांचे ‘स्टॅटिस्टिक्स’ मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यात बीजगणित अगदी थोडे आहे आणि उदाहरणे खऱ्या पाहण्यांची आहेत. त्या तोडीचे, महाराष्ट्रातली उदाहरणे घेऊन लिहिलेले मराठी पुस्तक हवे. नेट-सेटच्या प्रश्नसंचांनी ती गरज भागत नाही.

मुलाखती, निरीक्षण, जीवनकथा यांवर काम करणारे विचारतात, आम्हाला हे कशाला? त्यांच्या कामात कसोट्या लागत नाहीत, हे खरे. पण ‘बहुतेक स्त्रिया म्हणाल्या’ असे लिहिताना तेही मोजतच असतात. आपण भेटलेली वीस माणसे कोण आणि न भेटलेली कोण, हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही. उलट संख्येत काम करणाऱ्याला त्यांच्याकडून शिकायला हवे. ‘निर्णय मी घेते’ या विधानावर बाईने नवरा शेजारी उभा असताना दिलेले उत्तर पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवर ‘पूर्ण सहमत’ म्हणून नोंदवले जाते. पुढे प्रश्नांचा आपसांतला मेळ दाखवणारा क्रॉनबाखचा अल्फा ०.७ च्या वर आला म्हणून ते उत्तर खरे ठरत नाही.

विद्यापीठांच्या विभागांना एवढेच सांगणे आहे. कोर्सवर्कमधले संख्याशास्त्राचे तास कमी असतील तर कसोट्या कमी करा, छेद आणि नमुना कमी करू नका. परीक्षेत सूत्र विचारण्याऐवजी वर्तमानपत्रातला एक आकडा द्या आणि तो कुणाला मोजून आला ते लिहायला सांगा. मार्गदर्शकांनी तक्त्यांचे प्रकरण वाचताना विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवून एक तरी तक्ता पुन्हा काढायला लावावा. ज्याला तो काढता येतो त्याला व्हायव्हात कशाचीच भीती राहत नाही. आणि नुकतीच नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याने प्रश्नावली छापायची घाई करू नये. आपल्या विषयाशी जवळची एखादी सरकारी पाहणी निवडावी, तिची फाइल उतरवून घ्यावी आणि अहवालातला एक तक्ता स्वतः काढून छापील आकड्याशी ताडून पाहावा. पहिले सत्र त्यातच गेले तरी चालेल.